तिसरी रेघ

साळवेबाई माझ्याकडे पाठ करून बसायच्या. त्यांचं टेबल खिडकीशी, माझं दाराशी. कामाच्या पहिल्या दिवशी मी कीबोर्ड पुढे ओढला आणि बारा वर्षं पुण्यात काढून आलेल्या माणसाला शोभेल अशा झोकात टाइप करायला लागलो. अर्धा तास झाला असेल. बाई मागे न वळता म्हणाल्या, “शेळके सर, दर चार अक्षरांमागं एकदा खोडताय तुम्ही. आधी ठरवून घ्या, मंग दाबा.”

मी चाट पडलो. त्यांना माझा स्क्रीन दिसणं शक्यच नव्हतं. नंतर कळलं की खोडायच्या बटणाचा आवाज बाकीच्या बटणांपेक्षा जरा निराळा येतो आणि तो ओळखायला वीस-बावीस वर्षं टायपिंग शिकवावं लागतं. त्या दिवशी मला मात्र रागच आला. मोठ्या बहिणीच्या वयाच्या एका बाईने पहिल्याच दिवशी माझं माप काढलं होतं, आणि तेही पाठ करून.

आमचं ऑफिस बजाजनगरात, वेल्डिंगच्या सामानाच्या एका दुकानावर. पाच माणसं, सहा कॉम्प्युटर आणि एक नुसताच आवाज करणारा कूलर. वाळूजच्या कारखान्यांत तयार मालाची मापं तपासणारे विभाग असतात, त्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. वेबसाइट वगैरे नाही. तिथल्याच कॉम्प्युटरवर बसवायचं, इंटरनेट असो नसो चाललं पाहिजे, असं डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर. मालक काळे सर. मूळचे पैठणकडचे, घरी मोसंबीची बाग. सोमवारी गावाहून येताना मोसंबी आणायचे आणि आठवड्यात ज्याच्यावर जास्त रागावले असतील त्याच्या टेबलावर दोन जास्त ठेवायचे. माझ्या टेबलावर सहसा चार असायची.

माझ्या बायकोला फुलंब्रीजवळच्या शाळेत कायमची नोकरी लागली म्हणून मी पुणं सोडून परत आलो होतो. एवढ्या मोठ्या कंपनीतला माणूस एवढ्याशा ऑफिसात आला, हे मी कुणाला विसरू देत नसे. “आमच्याकडे पुण्यात” हे शब्द मी दिवसातून किती वेळा म्हणतो ते बाईंनी एकदा मोजून सांगितलं. आकडा इथे लिहीत नाही.

बाईंचं गाव फर्दापूर. त्यांचे वडील तिथल्या विश्रामगृहात स्वयंपाक्याच्या हाताखाली होते. लेणी पाहायला आलेला कुणी साहेब व्हरांड्यात बसून टाइपरायटर बडवत होता. ते पाहून त्यांनी ठरवून टाकलं की आपली मुलगी हे शिकणार. लिहायला बसलेल्या माणसाला कुणी ‘ऊठ, पाणी आण’ म्हणत नाही, एवढंच त्यांनी त्या साहेबाकडे पाहून टिपलं होतं. मुलगी शिकली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही, आणि मुकुंदवाडीच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागली. पुढे टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. मुलांचे पेपर तपासून तपासून कंटाळा आला तेव्हा बाईंनी पेपर तपासणारा एक लहानसा प्रोग्राम स्वतःच लिहिला. काळे सरांचा पुतण्या तिथे शिकत होता. सरांनी तो प्रोग्राम पाहिला आणि बाईंना सरळ ऑफिसात घेऊन आले. यातलं अर्धंअधिक मला इतरांकडून कळलं, कारण बाई स्वतःबद्दल फार बोलत नसत.

त्यांच्या टेबलावर एक शंभर पानी वही असायची आणि मागे रबर असलेली एक पेन्सिल. त्या वहीचा नियम सगळ्या ऑफिसला पाठ होता. कोडमध्ये एखादी गोष्ट लिहिली की वहीत तिचं नाव लिहायचं आणि पुढे एक रेघ ओढायची. तीच गोष्ट पुन्हा लिहावी लागली की दुसरी रेघ. तिसरी रेघ ओढायची पाळी आली की बाई हात बांधून बसत. तिसऱ्यांदा त्या ती गोष्ट लिहीतच नसत. ती लिहून देणारा साचा करत.

हा साचा म्हणजेच कोड जनरेटर. बाहेरून अवघड वाटतं, पण आहे साधं. समजा एका स्क्रीनवर मापं भरायचे दहा चौकोन आहेत, दुसऱ्यावर बारा. नावं वेगळी, कमी-जास्तीच्या मर्यादा वेगळ्या. बाकी सगळा कोड तोच. मग बाई तो कोड एकदाच लिहीत आणि जिथे नाव किंवा आकडा बदलतो तिथे रिकामी जागा सोडत. नावांची आणि आकड्यांची यादी शेजारी. बटण दाबलं की मशीन रिकाम्या जागा भरून सबंध स्क्रीनचा कोड लिहून मोकळं. ऑफिसात याला ‘बाईंचा छापखाना’ म्हणत.

मला हा प्रकार मनापासून आवडत नसे. हाताने लिहिलेल्या कोडवर माझा फार जीव. एकदा जेवताना मी म्हणालो की छापखान्यातून निघतात त्या लग्नपत्रिका, मी लिहितो ते पत्र. बाईंनी भाकरी मोडता मोडता विचारलं, लग्नाला दोनशे माणसं बोलवायची तर दोनशे पत्रं लिहीत बसणार का? सगळे हसले. मीही हसलो, पण ते वरवरचं.

या छापखान्याचं मूळ कॉम्प्युटरमध्ये नव्हतं, स्टेन्सिलमध्ये होतं. इन्स्टिट्यूटमध्ये असताना बाई आसपासच्या शाळांच्या प्रश्नपत्रिका स्टेन्सिलवर टाइप करायच्या. मेणाच्या कागदावर एकदा टाइप करायचं आणि त्यावरून पाहिजे तेवढ्या प्रती काढायच्या. एकदा एका गणितात आकडा चुकला. प्रती निघाल्यावर लक्षात आलं, म्हणून त्या पेन घेऊन एकेक प्रत दुरुस्त करत बसल्या. गठ्ठ्यातल्या वीसेक प्रती नजरेतून सुटल्या आणि तेवढ्या मुलांचं गणित काही केल्या सुटेना. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः शाळेत गेल्या, मुख्याध्यापकांना चूक सांगितली आणि त्या मुलांना ते गुण द्यायला लावले. तेव्हापासून त्यांनी प्रतीवर कधी खोडलं नाही. चूक दिसली की स्टेन्सिल दुरुस्त करायची आणि सगळ्या प्रती नव्याने काढायच्या. ही हकीकत त्यांनी मला ऐकवली तेव्हा मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

दुसरी सवय त्यांनी घरातून उचलली होती. साळवेकाका, म्हणजे त्यांचे यजमान, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये होते. तिथे मशीनवर डाय, म्हणजे भाग दाबायचा साचा, बसवली की पहिला नग काढतात, तो बारकाईने मोजतात, पास झाला की तारेने मशीनला अडकवतात आणि मगच पुढचे हजार नग काढतात. बाईही तसंच करत. साच्यातून निघालेला पहिला स्क्रीन दोन-दोन दिवस तपासत, त्याचा कागदावर प्रिंट काढत आणि तो दोऱ्याने टेबलावरच्या खिळ्याला टांगत. खंडेनवमीला ऑफिसात कॉम्प्युटरला हार घालायचे, तेव्हा बाई पूजेला उभ्या राहत नसत, पण आदल्या दुपारी सगळ्यांचे कीबोर्ड उलटे करून कापसाच्या काडीने साफ करून ठेवत. हत्यार स्वच्छ पाहिजे, याबद्दल त्यांचं कुणाशी दुमत नव्हतं. नवमीच्या दुसऱ्या दिवशी त्यांची हक्काची सुटी असायची आणि त्या दिवशी त्यांना फोन करायची काळे सरांचीही हिंमत नव्हती.

दुसऱ्या हिवाळ्यात मला एक गोष्ट ऐकू आली. बाईंचं टाइप करणं म्हणजे एका लयीत, न थांबता. त्यात आता मधेच खंड पडू लागला होता. थोडं चालायचं, थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. दोन वर्षं त्यांच्या पाठीमागे बसून माझे कानही तयार झाले होते. मी मान वर करून पाहिलं तर बाई दोन्ही हात शालीखाली घेऊन बसलेल्या. मांडीवर गरम पाण्याची पिशवी होती.

संधिवात होता. सकाळी बोटं सुजून यायची, मिटायची नाहीत. डॉक्टरांनी औषधं दिली होती आणि टायपिंग कमी करा म्हणून सांगितलं होतं. बाईंनी औषधं घेतली आणि दुसरं वाक्य घरी कुणाला सांगितलं नाही. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. ज्या बोटांनी इतक्या पोरापोरींना नोकरीला लावलं तीच बोटं अशी उलटावीत हे मला बघवेना. पण बाईंनी पाठ माझ्याकडेच ठेवली होती.

त्याच सुमाराला ते मोठं काम आलं. वाळूजच्या एका कारखान्यात आमचं जुनं सॉफ्टवेअर होतं. तिथले जुने कॉम्प्युटर निघून नवे येणार होते आणि नव्यांवर ते जुनं सॉफ्टवेअर चालणारच नव्हतं. दोनशे बारा सुटे भाग, प्रत्येकाचा वेगळा स्क्रीन, सगळे नव्याने करायचे. मुदत सहा आठवडे. हाताने एका माणसाचे दिवसाला तीन स्क्रीन होतात, फार तर चार, आणि माझ्याशिवाय कुणी मोकळं नव्हतं. काळे सरांनी हिशोब केला, डोकं धरलं आणि सगळ्यांना बोलावलं. जमलं नाही तर काम पुण्याच्या एका कंपनीला द्यावं लागेल, म्हणाले. मग बाईंकडे वळले. आवाज खाली आणून म्हणाले, तुमच्या हातांना त्रास होतो हे मला दिसतंय, तुम्ही आता फोन सांभाळा. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, लिहून घ्यायच्या. पगार तोच राहील.

ते मनापासून बोलत होते. बाईंनी शाल सारखी केली.

“फोन उचलायची लाज नाय मला, सर,” त्या म्हणाल्या. “पण मला लिहायचंय.”

त्यांनी पंधरा दिवस मागितले. पंधरा दिवसांत साचा झाला नाही तर सोळाव्या दिवशी आपण होऊन फोनपाशी बसेन, म्हणाल्या. काळे सर नाइलाजाने तयार झाले. मला त्यांनी हाताने सुरुवात करायला सांगितली.

ते पंधरा दिवस मी फार वाईट वागलो. रोज संध्याकाळी निघताना माझे किती स्क्रीन झाले ते मोठ्याने सांगायचो. सोळा झाले, एकोणीस झाले. बाईंचा एकही झालेला नसायचा. त्या वहीत बघत बसलेल्या दिसायच्या, नाहीतर जुन्या सॉफ्टवेअरमधून भागांची यादी काढत. टाइप करायच्या ते पेन्सिलीने. पेन्सिल मुठीत धरून तिच्या मागच्या रबराने एकेक बटण दाबायच्या, टक, टक. माझ्या एका ओळीला लागतो त्याच्या पाचपट वेळ त्यांना लागत होता. पण साच्यात त्यांना दोनशे बारा स्क्रीन लिहायचेच नव्हते. त्यांना एकच लिहायचा होता, फक्त तो सगळ्यांना पुरला पाहिजे होता.

चौदाव्या दिवशी त्यांनी पहिला नग काढला. दीड दिवस तो मोजपट्टी लावल्यासारखा तपासला, प्रिंट खिळ्याला टांगला आणि सोळाव्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर पेन्सिलीच्या रबराने बटण दाबलं. स्क्रीनवर नावांची रांग सरकत गेली. मिनिटभरात दोनशे बारा. काळे सर पुन्हा पुन्हा मोजत होते. मग त्यांनी पिशवीतली सगळी मोसंबी बाईंच्या टेबलावर ओतली.

माझे पंचेचाळीस स्क्रीन बाद झाले. माझी पंचेचाळीस पत्रं. मी अभिनंदन केलं आणि दोन दिवस नीट जेवलो नाही.

सॉफ्टवेअर बसवायला कारखान्यात मी गेलो. तिथले तपासणीचे प्रमुख शेखभाई. तीस वर्षं मापं घेण्यात गेलेली, हाताने भाग उचलला की आधी वजनावरून ओळखायचे. त्यांनी एक स्क्रीन चालवून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. एका चौकोनातून पुढच्या चौकोनात जायला टॅबचं बटण लागत होतं, नाहीतर माऊस. एन्टर दाबलं तर नोंद जतन होऊन स्क्रीन बंद व्हायचा. शेखभाई म्हणाले, “एक हात में गेज, एक हात में पार्ट. अंगठे से एन्टर मारता मैं. ये टॅब-टुब कायको?”

त्यांचं बरोबर होतं. एका हातात गेज, म्हणजे मोजायचं हत्यार, आणि दुसऱ्यात भाग असला की अंगठ्याला सापडतं ते एन्टरच. मी तिथेच बसलो आणि त्यांच्या लाइनवरचे चाळीस स्क्रीन उघडून, एकेकाच्या कोडमध्ये हाताने बदल केला. एन्टर दाबलं की पुढचा चौकोन. शेखभाईंनी पाठ थोपटली, चहा पाजला. शेवटी हाताने लिहिणाराच कामी आला, या आनंदात मी परतलो. बाईंना काही बोललो नाही. बोललो असतो तर साचा बदलायला पाच मिनिटं लागली असती. पण मग माझ्या चाळीस दुरुस्त्यांचं कौतुक कुणाला राहिलं असतं?

आठवड्याने कारखान्याच्या मॅनेजरांना सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. आदल्या दिवशी त्यांनी कळवलं की प्रत्येक स्क्रीनवर कामाची पाळी, म्हणजे शिफ्ट, कुठली ते दिसलं पाहिजे. बाईंनी माझ्याबरोबर कारखान्यात येऊन तिथेच साच्यात एक ओळ घातली, पहिला नग तपासला आणि दोनशे बारा स्क्रीन नव्याने काढले. जुन्या फायलींवर नव्या बसल्या. माझ्या चाळीस दुरुस्त्या त्यात पुसल्या गेल्या. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि माझ्या डोक्यात आलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तपासणी विभागात मॅनेजर उभे, काळे सर उभे, बाई आणि मी मागे. शेखभाई ऐटीत खुर्चीवर बसले. डाव्या हातात भाग, उजव्या हातात गेज. पहिलं माप घेतलं, आकडा टाकला आणि अंगठ्याने एन्टर मारलं. स्क्रीन बंद. एकच माप भरलेली नोंद जतन, बाजूला लाल अक्षरांत ‘अपूर्ण’. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेखभाई माझ्याकडे बघू लागले. मॅनेजर घड्याळ बघून म्हणाले, तुमचं आपापसात ठरलं की सांगा, आणि बाहेर गेले.

बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या. नव्या फायली बसवण्याआधी जुन्यांची एक प्रत त्या नेहमी बाजूला ठेवत, त्यातली एक त्यांनी उघडली. तिच्यात माझा हात होता. माझ्या लिहिण्याची पद्धत त्यांना माझ्या बटणांच्या आवाजाइतकी माहीत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फाइल बंद केली आणि काळे सरांना म्हणाल्या, “साचा माझा हाय. चूक माझी.”

मी गप्प बसलो. हे लिहितानाही कान गरम होतात.

काळे सरांचा धीर सुटला होता. या छापखान्यावर मी उगाच विसंबलो, म्हणाले. मशीनने लिहिलेल्याचा भरवसा नाही, उद्याच पुण्याला फोन करतो. बाई, तुम्ही सोमवारपासून फोनवर बसा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “शेळके, तुमचे हाताने केलेले पंचेचाळीस ठेवले असते तर आज ही पाळी आली नसती.”

ते कौतुक मला झेपलं नाही. सरांनी मला शिवी दिली असती तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. मी म्हणालो, “सर, माझ्या हातानेच घात झाला. एन्टरची अडचण मला आठवड्यापूर्वीच कळली होती. मी चाळीस फायलींत हाताने बदल केला आणि बाईंना सांगितलं नाही. साच्याला कुणी सांगितलंच नाही, तर तो लिहिणार कुठून?”

काळे सरांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग बाईंनी शेखभाईंना विचारलं, “भाई, एक अख्खा भाग मोजून दाखवता का? सावकाश. मला बघायचंय.”

शेखभाईंनी मोजला. बाई स्क्रीनकडे नाही, त्यांच्या हातांकडे बघत होत्या. त्यातून आणखी एक गोष्ट निघाली, जी मी चहा पीत बसलो तेव्हा मला दिसली नव्हती. स्क्रीनवर चौकोन होते भागाच्या नकाशातल्या, म्हणजे ड्रॉइंगमधल्या, क्रमाने, पण शेखभाई मोजत होते गेजच्या क्रमाने. एक गेज हातात घेतलं की त्याने मोजायची सगळी मापं आधी, मग ते ठेवून दुसरं. दर वेळी त्यांना स्क्रीनवर खालीवर चौकोन शोधावा लागत होता. बाईंनी विचारलं, सगळे असंच मोजतात का? शेखभाई हसले. “हौ बाई, और कैसा मोजेंगे?”

बाईंनी पेन्सिल काढली. साच्यात एन्टरसाठी दोन ओळी आणि मापं गेजच्या क्रमाने लावायला चार. सहा ओळी. टक, टक. त्यांची बोटं त्या दिवशी फार सुजली होती. मी पुढे होऊन म्हणालो, बाई, तुम्ही सांगा, मी दाबतो. त्यांनी मान हलवली. पण थोड्या वेळाने खुर्ची जराशी बाजूला घेतली आणि शेवटच्या दोन ओळी मला सांगितल्या. त्या ओळींत मी एकदाही खोडलं नाही.

पहिला नग शेखभाईंनीच तपासला. भाग मोजून झाला तरी त्यांनी नजर गेजवरून काढली नव्हती. अंगठा आपोआप चालला होता. मग बाईंनी बटण दाबलं आणि दोनशे बाराच्या दोनशे बारा स्क्रीन बदलले. हाताने करायचं म्हटलं असतं तर आम्हाला पुन्हा महिना लागला असता. मॅनेजरांना परत बोलावलं तेव्हा चहाची वेळही झाली नव्हती.

पुण्याला फोन गेला नाही. काळे सर परतताना गाडीत एवढंच म्हणाले की फोनसाठी दुसरं कुणीतरी बघतो. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी माफी मागितली, तर म्हणाल्या की माफीचं नंतर बघू, आधी तुमच्या हाताला जागा कुठं द्यायची ते बघते.

सोमवारी त्यांनी ती जागा दाखवली. साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक फाइलच्या मध्यावर आता दोन ओळी होत्या. एक म्हणत होती, ‘इथून पुढं हातानं’, आणि दुसरी, ‘इथपर्यंत’. या दोन ओळींच्या मधे जे लिहू ते साचा जसंच्या तसं ठेवणार होता, कितीही वेळा नव्याने काढा. प्रत्येक भागात काहीतरी एक असं असतंच की ते दुसऱ्या कशासारखं नसतं, ते तिथे लिहायचं. “तुम्ही हातानं लिहिल्याबिगर राहणार नाय,” बाई म्हणाल्या. “मंग जागा करून दिलेली बरी.” माझा इतका विचार माझ्या पुण्याच्या कंपनीत बारा वर्षांत कुणी केला नव्हता.

त्यानंतर बाई सहा वर्षं लिहीत राहिल्या. बोटं काही सुधारली नाहीत, पण साचे वाढत गेले. शेवटी शेवटी दिवसाला वीस ओळी लिहायच्या आणि त्या वीस ओळींतून आम्हा चौघांपेक्षा जास्त काम निघायचं. निवृत्त झाल्यावरही काळे सरांनी त्यांना सोडलं नाही; घरी एक कॉम्प्युटर पाठवला.

मागच्या महिन्यात मी मुकुंदवाडीला त्यांच्या घरी गेलो होतो. स्टेशनच्या मागच्या गल्लीत घर. साळवेकाकांनी दार उघडलं, जयभीम झाला, आणि पाणी आणायला तेच आत गेले, कारण बाई लिहीत होत्या. मी सांगितलं की ऑफिसात आता नवंच मशीन आलंय. काय पाहिजे ते साध्या वाक्यात सांगा, सबंध कोड लिहून देतं. नव्या लोकांचं काम झपाट्याने होतं. मला वाटलं बाई नाराज होतील. त्यांनी फक्त विचारलं, “पहिला नग कोण बघतंय?”

मी म्हणालो, मी बघतो.

“मंग चालू द्या,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. असलं यंत्र त्यांच्या बोटांना दहा वर्षं आधी मिळालं असतं तर काय काय केलं असतं, याचा हिशोब त्या बहुधा करत होत्या.

मी खरं तर अडचण घेऊनच गेलो होतो. त्या मशीनने लिहिलेलं आणि आमच्या साच्यातून निघालेलं एकत्र बसत नव्हतं. बाईंनी अर्धा तास समजावलं. त्यांनी काहीतरी शोधायला वही उघडली तेव्हा एका पानावर माझी नजर गेली. वर लिहिलं होतं, ‘शेळके सरांना समजावणं’. खाली रेघा. पाच-पाचच्या जुड्या, पान भरलेलं, मागचंही.

मी म्हणालो, “बाई, तिसऱ्या रेघेला साचा करायचा ना?”

“केला असता,” बाई म्हणाल्या. “पण तुम्ही दर येळंला नवंच चुकता. तुमचा साचा व्हत नाय.”

काका आतून हसले. मीही हसलो, या वेळी मनातून, आणि डोळे भरून आले ते लपवायला चपला शोधू लागलो. दारातून मागे वळून पाहिलं. बाईंनी पाठ केली होती, नेहमीसारखी. वही अजून त्याच पानावर होती. पेन्सिल मुठीत घट्ट धरून त्यांनी, बोटं साथ देत नव्हती तरी अगदी सरळ, आणखी एक रेघ ओढली.